चरबी विसरत नाही

दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं. सर खूश झाले आणि मी तिथेच स्टुलावर बसकण मारली.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना तेलकट गोळ्या खाऊ घालून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणतात. मग त्यातल्या अर्ध्यांना पुन्हा साधं खाणं. साध्या खाण्यावर साखर उतरते, पोटं आत जातात. पण चरबीतल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक जागं राहील, कुठलं झोपेल, हे त्या ठरवतात. तेलकट दिवसांत बदललेल्या त्या खुणा साखर उतरली तरी तशाच राहिल्या. आणि त्या उंदरांना पुन्हा तेलकट गोळ्या दिल्या, तर साखर आधीपेक्षा भरभर चढली.

चरबीचे नमुने ठेवलेल्या आमच्या नळ्यांवर नुसते आकडे असतात. कुठली नळी कुठल्या उंदराची, हे शेवटी उघड होतं. आपणच कुठेतरी नळ्यांची अदलाबदल केली असेल, या आशेवर मी सगळं पुन्हा केलं होतं. स्वतःची चूक निघावी म्हणून इतकी मरमर करणारी मी पहिलीच असेन.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!" सर हसत म्हणाले. मला त्यांचा रागच आला.

'उंबरठ्यावर आहात' असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून वर्षभर माझा नवरा उकडलेलं खातोय. त्याच्या वडिलांचा पाय याच दुखण्यात गेला. तो चिडला, कुरकुरला, पण एकदाही घसरला नाही.

घरी पोचले तर स्वारी खुशीत. टेबलावर रिपोर्ट, शेजारी बटर बिस्किटांचा नवा कोरा डबा.

"न्हालं एकदाचं गंगेत घोडं! साखर नॉर्मल. आता सुटलो ना गं मी?"

मी इतकी दमले होते, की हो म्हणून टाकणंच सोपं होतं.

"नाही रे सुटलास," मी म्हणाले आणि उंदरांचं सगळं सांगितलं. "माणसांत असंच होतं का, मला माहीत नाही. पण मला भीती वाटते."

डबा उघडून त्याने उचललेलं बिस्किट हातातच राहिलं.

"म्हणजे अजून किती दिवस?"

मी रिपोर्टची घडी घालू लागले. तेवढ्यावरूनच तो समजला.

"उंदरांचं बरं असतं," तो म्हणाला. "डबा त्यांच्या हातात नसतो."

त्याने बिस्किट परत ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"कुठे ठेवतेस ते मला कळू देऊ नकोस," असं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.