सखुबाईची तिथी

"मावशी, आज तारीख किती?" डॉक्टर दीप्तीने विचारले.

सखुबाई हसली. मढच्या कोळीवाड्यात जन्म काढलेल्या बाईला कसली आली आहे तारीख? तिथे पाणी तिथीवर चालते आणि माणसे पाण्यावर.

शेजारी तिची धाकटी बहीण शांताबाई पदराला पीळ घालत बसली होती. पवईच्या या संशोधन केंद्रात दोघींच्या मेंदूची चित्रे मघाशीच काढून झाली होती. वय सत्तरीचे, घरे शेजारी, जेवण एक, धंदा एक. तरी एकीच्या मेंदूतले धागे घट्ट राहतात आणि दुसरीचे सुटत जातात, ते का, हेच इथल्या लोकांना शोधायचे होते. चित्रांचा निकाल महिन्याने येणार होता. शांताबाईचा जीव मात्र आजच्या प्रश्नांवर टांगला होता. गेल्या महिन्यात सखुबाई बोरीवलीच्या मासळीबाजारातून घरी निघाली ती उलट्या दिशेला, दहिसरला सापडली. तेव्हाच तिच्या मुलाने, अल्पेशने, बजावले होते, "मावशे, पवईला आयेला उत्तरं नाय आली तर तिचा बाजार बंद." बेचाळीस वर्षे ती त्या एकाच ओट्यावर बसत होती. ओटा सुटला तर ही बाई अंथरूण धरेल, हे शांताबाईला कोणी सांगायला नको होते.

"तारीख मना नाय ठाव," सखुबाई म्हणाली. "आज दशमी. भांगाचं पानी, जोर नाय त्याला. होड्या आज किनाऱ्यालाच."

दीप्तीचा चेहरा खुलला. "हे तर तारखेपेक्षा भारी. मी बरोबर धरते हं."

शांताबाई पदर पिळायची थांबली. आज पौर्णिमा होती. समुद्राला उधाण होते, आणि पहाटे होडीवर निघालेल्या अल्पेशची भाकरी सखुबाईनेच बांधली होती.

गप्प बसले की भागत होते. या खोलीत तिथी कळणारी ती एकटीच होती. पण दहिसरच्या फुटपाथवर रिकामी टोपली मांडीवर घेऊन, वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बहीण तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उद्या पाय खाडीकडे वळले तर?

"खोडून टाक ते, बाय," ती दीप्तीला म्हणाली. "आज पुनव हाय."

सखुबाईने बहिणीकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर शांताबाईने सोसला असता. तिथे नुसती भीती होती. सखुबाई बोटांवर तिथी मोजू लागली, मध्येच अडली, पुन्हा अंगठ्यापासून मोजू लागली. मग तिने हात मांडीवर ठेवला.

"शांते, माज्या ओट्यावर दुसऱ्या कोनाला बसू देव नको. तू बस."

शांताबाईने मान हलवली. दीप्तीने ते उत्तर खोडले आणि पुढचा प्रश्न विचारला. सखुबाईने पदर खांद्यावर नीट घेतला, ताठ बसली आणि उत्तर शोधायला लागली.