करंजाच्या रेषेत

सहा पायऱ्या कोरड्या.

गावच्या ग्रुपवर निरोप आला होता : वरच्या धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठी जाऊ नका. कोंडीबा मात्र भीमेच्या घाटावर उभा राहून पायऱ्या मोजत होता. त्याची सून मायाक्का चाळीस मेंढरं घेऊन पात्राच्या मधोमध, बेटावर अडकली होती. चार महिने मंगळवेढ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून ती आज घरी परतत होती. पलीकडची कोरडी धार ओलांडून बेटावर आली, तोवर मागं ती धार भरली. आता मागं जाता येत नव्हतं. आणि बेट तरी कसलं? गेल्या पुरानं आणून टाकलेली वाळू. घटकाभरात नदी ते परत घेणार होती.

"मायाक्काऽ! दगड धरून चल!"

दगड म्हणजे काठावरचा गुडघ्याएवढा धोंडा. मेंढरं परतायची असली की घरच्या म्हाताऱ्यानं एसटीनं पुढं यायचं आणि त्याला चुना फासायचा, ही घराण्याची रीत. बेटावरनं पांढरा दगड आणि त्याच्यामागचा करंज एका रेषेत धरायचा आणि डोळे झाकून चालायचं. नदी ओलांडायच्या त्या उताराला पाणी कधी मांडीच्या वर गेलं नव्हतं.

कोंडीबानं सकाळीच चुना फासला होता. पात्राकडं बघितलंच नव्हतं. दगड जागेवर, करंज जागेवर, मग बघायचं काय?

पाच.

शेजारी त्याचा मुलगा, मायाक्काचा नवरा इंद्रजीत उभा होता.

दगड जागेवर होता. करंज जागेवर होता. मधली वाळू नव्हती.

घरची माणसं मेंढरांमागं गेली तेव्हा इंद्रजीतनं सांगितलं होतं, करकंबला दुकानात काम लागलंय. काम होतं वाळूच्या बोटीवर. पाइप खाली सोडायचा, इंजिन सुरू करायचं, नदीच्या पोटातलं ओढून काठावर टाकायचं. चांगली जाड वाळू नेमकी त्या रेषेखाली होती.

एकवीस दिवस.

दोन पुरुष खोल.

तीन पायऱ्या! चौथी कधी गेली?

तिकडं कळपाची म्होरकी मेंढी पाण्यात दोन पाय घालून थांबली. मायाक्कानं ढकललं. हलेना.

"माजलीया ती! हाण की तिला!" कोंडीबा ओरडला. "बापजाद्याची वाट हाय!"

मायाक्का स्वतःच पुढं झाली. घोटा. गुडघा.

बोल.

बोल की.

"थांब! मायाक्का, थांब! म्होरं खड्डा हाय!" इंद्रजीत ओरडला.

"कसला खड्डा? गप ए. तुला काय ठावं?"

"आबा... मीच काढलाय. बोटीवर व्हतो मी."

कोंडीबानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मग वाट कुटं हाय?"

इंद्रजीतला ठाऊक नव्हतं. खड्डा पडल्यापासून धार तिरपी झाली होती, काठ ढासळला होता. ती माती नदीनं कुठं नेऊन बसवली, कुणी बघितलं?

मायाक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून नदी न्याहाळत होती. खालच्या अंगाला, शंभरेक पावलांवर, तीन बगळे ओळीनं उभे होते. पाय अर्धे पाण्यात.

"मामा, मी बगळ्यांकडनं येती!"

"तितं कवाच उतार नव्हता गं!"

"आता हाय की!"

बगळे उडाले. तिनं ते उभे होते ती जागा डोळ्यांत धरली. एक कोकरू खांद्यावर, म्होरकीचा कान मुठीत. मांडी. कंबर. इंद्रजीत छातीभर पाण्यात घुसला आणि हाताला लागेल ते मेंढरू काठाकडं लोटत राहिला. मागची तीन वाहत गेली. त्यांचं ओरडणं वळणापर्यंत ऐकू आलं.

एक पायरी.

मायाक्का काठावर बसली. दात वाजत होते. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आज सांगताय व्हय? मी गुडघाभर गेल्यावर?"

कोंडीबा दगडापाशी वाकला होता. चुना अजून ओलसर होता. तो धोतराच्या सोग्यानं दगड पुसत होता. "मागनं सिद्रामप्पाची मेंढरं येनार हायती, ह्योच दगड धरून," तो दगडालाच सांगत होता.

इंद्रजीतनं करंजाकडं बघितलं. "आबा, करंज तोडू का? म्हंजे कुनी फसायचं न्हाय."

"तोड की. काठ धरून तेवढंच एक ऱ्हायलंय."

शेवटची पायरी पाण्याखाली गेली. कोंडीबा दगड पुसतच होता.