तिरक्या रेघेची सवत

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एका अख्ख्या संगणकभाषेने माझ्यापुढे हात टेकले होते. मित्रांनो, मी एक जुनी उलटी तिरकी रेघ आहे. कीबोर्डवर एंटरच्या डोक्यावर माझं बिऱ्हाड.

आमच्या घरात वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर मिळून नवी संगणकभाषा रचत होते. मजकूर दोन अवतरणचिन्हांत ठेवायचा, हा नियम. मजकुरातच अवतरणचिन्ह आलं, की यंत्राला वाटायचं, संपलं. मग मी त्या चिन्हाच्या पुढे उभी राहायची आणि यंत्राला दटावायची, थांब, अजून संपलेलं नाही. वहिनी म्हणायच्या, हिच्यावाचून आपलं पान हलत नाही.

मात्र मलाच लिहायचं असलं, तर माझ्यापुढे पुन्हा मीच लागायची. फायलींच्या पत्त्यांत तर पावलोपावली मी. एकदा दिरांनी ते लिहिले आणि पडदाभर मीच मी. मला धन्य वाटलं. ते वैतागले.

"वहिनी, हा पत्ता आहे की पाऊस पडतोय? जसा लिहिला तसाच यंत्र घेईल, असा एक मजकूर ठेवा ना."

वहिनींना पटलं. त्या मजकुराला कुंपण म्हणून नवं चिन्ह हवं होतं. निवडलं कोणाला? वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तिरक्या टिकलीला! जिच्याकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिच्या कुंपणात माझं काही चालेना. आत गेले की मी नुसती रेघ. काय आहे हो तिच्यात? माझ्याच उंचीचा तुकडा पाडलेला. सवतच ती.

पण तिचीही फजिती झाली. भाषेची माहिती लिहिताना वहिनींनी कुंपणाचं उदाहरण कुंपणातच घातलं. आतली टिकली दिसताच यंत्राने मजकूर तिथेच तोडला. मला गुदगुल्या झाल्या. दीर म्हणाले, दोन्हीकडे तीन-तीन टिकल्या लावू. वहिनींनी मान हलवली, मला हळूच दाबलं आणि म्हणाल्या, "चुकलंच आमचं, बये. आता तूच सांभाळ." तेव्हापासून टिकली नावाला दारात उभी आणि आतला कारभार माझा. दिवसभर बोटं माझ्यावरच. श्वास घ्यायला उसंत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, नवं आलं म्हणून जुन्याला टाकू नका. अधूनमधून माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. फार साचली आहे.

खालून एंटर म्हणाला, "आजी, त्या दिवशी त्यांनी तीन टिकल्या लावल्या आणि मला दाबलं. आणि दिवसभर बोटं तुझ्यावर, तर धूळ बसते कधी?"