म. मं.

महागावातल्या आमच्या महिला मंडळाची भांडी उमरखेडच्या बाजारातून आणली, तेव्हा मी आणि कोकिळा दोघीच गेलो होतो. त्या वर्षी सगळ्या बायकांनी सीतादहीच्या दिवशी शेतात पूजा करून वेचलेला पहिला कापूस घरी न ठेवता मंडळाला दिला होता. तो विकून पाण्याचे गुंड, मोठाली पातेली, पराती घेतल्या. भांड्यावर नाव घालणारा अक्षराप्रमाणे मजुरी घेई. कोकिळा म्हणाली, "विमल, पुरं नाव कायले? म. मं. घाल. समजते साऱ्याईले."

समजलं, पण ज्याला जे हवं ते. आमचे हे, किसनराव, 'मचमच मंडळ' म्हणत. पोरं 'मटण मंडी' ओरडत पळायची. तांड्यावरची मानीबाई सांगे, "म. मं. म्हंजे मानीबाईचं मंगळसूत्र. दागिना माहा हाये, जपून वापरा बायांनो!"

भांडी मात्र सगळ्यांची. ज्या घरी लग्न, त्या घरी जायची. किराया नाही, फक्त परत देताना पातेलं रिकामं द्यायचं नाही, मूठभर तांदूळ ठेवायचे. ठेवायला जागा कोकिळाकडे होती म्हणून ती तिच्या घरी राहिली.

हे गेल्यावर मी मुलाकडे नाशिकला होते. यंदा नात निकिताचं लग्न गावातच करायचं ठरलं, तशी परत आले आणि आधी कोकिळाकडे गेले. दारावर पाटी होती: महागाव मंडप, डेकोरेशन व केटरिंग. अंगणात आमची पातेली रचलेली.

तिचा मुलगा कपिल म्हणाला, "काकू, तारीख सांगा. बुकिंग पाहून सांगतो."

"बुकिंग कायचं रे? मंडळाची भांडी हायेत."

"मंडळ कुठं राह्यलं आता? अन् भांड्यावर वाचा ना. महागाव मंडप!"

कोकिळा ओसरीत हरभरा निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"पोराले धंदा पाह्यजे होता, विमल. दुकानाले काय नाव देऊ म्हणे. म्याच सुचवलं."

मी तिथून उठले ती थेट तांड्यावर मानीबाईकडे गेले. ती म्हणाली, "आमी त कवाचे किरायानंच आणतो. माह्या नातीच्या, राखीच्या लग्नात आणलतं."

"अन् कोणी बोललं नाही तिले?"

"कायले बोलतीन? कोकिळाबाईनं सांगितलं, विमलताईले फोन केलता, ते हो म्हणे. तुह्या शब्दावर गप बसलो आमी."

मला असा फोन कधीच आला नव्हता. मानीबाईला ते सांगितलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कोणाचं खरं वाटलं, मला अजून कळलेलं नाही.

लग्नाची तिथी दाट होती, त्या दिवशी गावोगाव लग्नं. दुसरीकडे कुठेच भांडी मिळेनात. शेवटी तीच किरायानं घेतली.

टेम्पोवाला पातेली उतरवता उतरवता म्हणाला, "आजी, मालकीणबाईनं बजावलं, घरचं काम हाये, जपून उतरव. मैत्रीण हाये का तुमची?"

"नाही," मी म्हणाले. "ते मोठं पातेलं चुलीपाशी ठेव."