तानीबाईचा नळ आणि भीमाप्पाची झोप

शेवंताबाईला जुळी झाली ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. दोन्ही मुली, दोन्ही धडधाकट, आणि दोघींची तोंडं उघडायची ती एकदमच. वडगावातल्या त्या घरात बाळुत्यांचा असा ढीग पडायचा की तिचा नवरा सत्याप्पा म्हणायचा, आता मागावर साडी सोडून दुपटीच विणावीत. पाणी आणायचं ते गल्लीच्या टोकाच्या आडावरून. शेवंता बाळंतीण, त्यामुळं सगळ्या खेपा पडल्या तिच्या सासूच्या, तानीबाईच्या कमरेवर. म्हणून त्याच साली थंडीच्या तोंडाला सत्याप्पानं घरात नळ घेतला.

तानीबाईचं माहेर बेळगुंदीकडं. तिकडं लहानपणी विहिरीपासून लांब घागर ठेवून उभं राहायचं आणि कुणाला दया येऊन त्यानं वरून ओतलं की घरी जायचं. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. त्या बाईच्या मोरीत आता पितळेची तोटी बसली, दांडी फिरवली की उघडणारी. पहिल्या सकाळी तिनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"आत्ती, झिजंल की ती," शेवंता म्हणाली.

"झिजू दे. माझ्या हातानं झिजंल."

पण दांडी मिटली की भिंतीत ढुस्स व्हायचं. एखाद्यानं आतून टाच हाणावी तसं. मग लोखंडी नळी थडथडायची, मोरीपासून पार रस्त्याच्या दारापर्यंत. जुळ्या दचकून उठायच्या आणि भिंतीपलीकडं भीमाप्पाही उठायचा.

भीमाप्पा हा तानीबाईचा धाकटा दीर. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, निम्मी याची, निम्मी त्याची. भीमाप्पा मिलमध्ये रातपाळीला. उजाडताना घरी यायचा, भाकरी खायचा आणि त्याच भिंतीशी उशी लावून आडवा व्हायचा. नेमकं त्याच वेळी नळाला पाणी यायचं. तिसऱ्या दिवशी तो घोंगडं पांघरूनच दारात आला.

"वैनी, तुमच्या नळात काय हाय?"

"पाणी हाय भावजी, आणि काय असणार?"

"पाणी असं दार वाजवतंय व्हय? कोण तरी आत अडकलंय."

सत्याप्पा मागाशी बसला होता. तो म्हणाला, "काका, आपण धम्म घेतलाय. भूत मानत न्हाय आपण."

"मी बी मानत न्हाय रं. पर झोप मानतोय."

मग तो गंभीर झाला. नळी मधल्या भिंतीला ठोकायला आपण होय म्हटलं होतं, ठोसे खायला नव्हे, असं त्यानं सांगितलं. ऐतवारपर्यंत आवाज बंद करा, नाहीतर नळी काढा. त्याचं बोलणं वाकडं नव्हतं. पण दुसऱ्या बाजूची भिंत मातीची, तिच्यात खिळा ठरत नव्हता. नळी निघाली की नळ गेला. तानीबाई मोरीत जाऊन तोटीवरचे डाग राखेनं घासत बसली.

सत्याप्पाला वाटलं, नळी मोकळी आहे म्हणून नाचते, तिला जखडली की संपलं. घरात सगळ्यांत जड आणि घट्ट काय, तर माग. त्याचे पाय जमिनीत बसवलेले. सत्याप्पानं चामड्याचा पट्टा घेऊन नळी मागाच्या चौकटीला करकचून बांधली, वर दोन गाठी मारल्या आणि आईला म्हणाला, "बघ आता. मुंगीएवढा बी आवाज यायचा न्हाय."

मग त्यानं माग चालू केला.

मागाचा हादरा नळीत शिरला, नळीतून भिंतीत गेला. अख्खी भिंत खटक-खटक बोलू लागली. नवल म्हणजे दोन्ही जुळ्या त्या तालावर गाढ झोपल्या. शेवंता खूश होऊन म्हणाली, "अहो, ऱ्हाऊ द्या असंच." तेवढ्यात पलीकडं फळीवरची भांडी एकामागून एक खाली आली. शेवटचा तांब्या बराच वेळ गरगरत राहिला. सत्याप्पानं माग बंद केला. तांब्या हातात घेऊन भीमाप्पा आला. तांब्याचं पोट आत गेलं होतं.

"आदी नुसता नळ होता," तो म्हणाला. "आता माग बी माझ्या उशाला आणलास व्हय रं?"

"काका, चुकलं."

"चुकलं ते दिसतंय. ऐतवार ध्यानात ऱ्हाऊ दे."

शनिवारी परशराम फिटर आला. त्यानंच नळी घातली होती. त्यानं पट्टा सोडला, जागोजागी नळीखाली चामड्याचे तुकडे सारून वरून पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. थडथड थांबली. ढुस्स काही थांबलं नाही.

"तोटी हळू मिटायची मावशी," परशराम म्हणाला. "भरधाव पाण्याला एकदम अडवलं की ते धडकतं. त्याला कोण काय करणार?"

"मी मिटंन हळू. पर हिच्या काखंत एक पोर, खांद्यावर एक. ही कोपरानं मिटती. ह्यो माझा ल्योक तर दारं बी लाथंनं लावतोय."

परशराम हसला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला. तानीबाई मात्र मोरीतच बसली, नळीवर तळवा ठेवून. पाणी येऊन गेलं होतं, पण रोजच्या सकाळचं एकेक तिला आठवत होतं. मग ती म्हणाली, "परशा, थांब. एक सांगू? सकाळी पाणी यायच्या आदी नळ खोकतोय बघ, नुसता वारा येतो, मधीच चूळभर पाणी. तवा मी तोटी कितीबी जोरात मिटली तरी ठोसा बसत न्हाय. धार बांधून आली की मग बसतो."

परशरामचा हात थांबला. "नक्की?"

"तीन सकाळी बघितलंय. आत वारा हाय तवर ते गप असतं." तिनं मागाकडं बोट केलं. जन्म तिचा मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरण्यात गेलेला. "धोटा पळत येतो आणि पेटीत थांबतो, तिथं चामडं लावतोय न्हवं आपण? न्हाय लावलं तर पेटी फुटंल. ह्या पाण्याच्या पेटीला चामडंच न्हाय."

परशरामनं भरलेली हत्यारं पुन्हा बाहेर काढली. "चामडं नको," तो म्हणाला. "वाराच कोंडून ठेवू. तोटीच्या आदी एक नळी उभी करतो, वरनं टोपण घट्ट. पाणी धडकलं की वर चढंल, आतला वारा दबंल आणि त्याला झेलंल. माझ्या ध्यानातच आलं न्हाय बघा मावशी."

"तुला कुठं धोटा हाणायचा असतोय?" ती म्हणाली, आणि शेवंताला चहा टाकायला सांगितला.

संध्याकाळपर्यंत तोटीजवळ हातभर उंचीची नळी उभी राहिली, डोक्यावर टोपण घालून. सत्याप्पा तिला बघून म्हणाला, "आई, पावणा आल्यागत उभा हाय की."

ऐतवारी सकाळी नळ खोकला, मग धार बांधली. घागर भरली. सगळे मोरीच्या दाराशी उभे. तानीबाईनं पदर खोचला आणि दांडी खाडकन मिटली.

काही झालं नाही. ती पुन्हा उघडून मिटली. मग शेवंतानं कोपरानं मिटून बघितली, सत्याप्पानं मुठीनं. भिंत गप. तानीबाई इतकी हसली की तिला घागरीवर टेकावं लागलं.

आता भीमाप्पा येईल, म्हणून चहा ठेवला. तो आला नाही. चहा निवला, तरी नाही. सत्याप्पा घाबरला. "काका रागानं नळी काढायला माणूस आणायला तर गेला न्हाय?"

तानीबाई स्वतः पलीकडं गेली. भीमाप्पा भिंतीशी उशी लावून झोपला होता, तोंड उघडं, घोंगडं जमिनीवर. घोरण्यानं फळीवरचं झाकण वाजत होतं. तिनं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि परत आली.

"नळ ऱ्हायला," तिनं सुनेला सांगितलं. "पर त्याच्या घोरण्याला आता कुठलं टोपण बसवायचं गं?"

पुढच्या वर्षी भीमाप्पानं त्याच नळीला जोड काढून आपल्या बाजूला तोटी घेतली, आणि परशरामला बजावून उभी नळी बसवून घेतली.

तानीबाई एकोणीसशे शहाऐंशीच्या माघात वारली. भीमाप्पा त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात गेला.