बॅटरीबाबाची मौनफेरी

फडकं ओढलं आणि गर्दीतून "आहाहा!" असा आवाज उठला.

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची एक लांबलचक शेड होती. शेडमध्ये एक चंदेरी विजेची मोटार उभी होती आणि तिच्या स्टिअरिंगमागच्या पडद्यावर घातलेलं पांढरं फडकं बॅटरीबाबांनी नुकतंच दोन बोटांनी उचललं होतं. पडद्यावर हिरवा आकडा झळकत होता. दोनशे सत्तर किलोमीटर! ही तीच गाडी, जी पूर्ण चार्ज करूनही घरून निघताना एकशे ऐंशीच दाखवत होती. लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी फोटो काढले, कोणी फोटो काढणाऱ्यांचे फोटो काढले. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

गाडी माझ्या ताईची होती आणि टाळ्या पिटणाऱ्यांत सगळ्यांत पुढे माझी ताईच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी डॉक्टर आहे. रक्त तपासायची लॅब चालवते. माझी ताई टॅक्सी चालवते, म्हणजे डायलिसिसच्या पेशंटांना घरून हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलातून घरी सोडते. आई गेल्यावर तिने स्वतःचं शिक्षण सोडून स्टिअरिंग धरलं, म्हणून मी डॉक्टर झाले. त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचाच. मी लॅबमध्ये कितीही मोठी असले तरी घरी गप्प बसायचं.

तिच्या गाडीची बॅटरी थकली होती. त्यात नवल काही नाही. फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते हे पोरासोरांनाही माहीत आहे. गाडीची बॅटरीही तशीच झिजते, फक्त सावकाश. म्हणून तर कंपनी वॉरंटी देते. मुदतीच्या आत बॅटरीची ताकद सत्तर टक्क्यांखाली गेली की नवी बॅटरी फुकट. अट एकच, बॅटरीच्या डब्याला कुणी हात लावलेला नको. आणि ताईची मुदत या महिनाअखेरीला संपत होती.

"अगं, मग जा ना कंपनीत!" मी कितीदा सांगितलं.

"जा म्हणायला तुझं काय जातंय? फोन केला की अर्धा तास बाजा ऐकवतात. मग म्हणतात, तपासायला गाडी ठेवून जा. गाडी ठेवली तर माझ्या पेशंटांना काय खांद्यावरून नेऊ?"

तिचंही खोटं नव्हतं. कंपनीवर माझाही राग आहेच. पण कंपनीचा बाजा नको म्हणून बाबाचा तमाशा कशाला? तिला बाबाकडे नेलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. हे काका निवृत्त इंजिनिअर, गाडी त्यांचीही विजेचीच. आयुष्यभर पूल बांधले. ज्या माणसाने लोखंडाच्या प्रत्येक सळीचा हिशोब केला, तो माणूस मला म्हणतो, "डॉक्टर, सगळंच काही सायन्समध्ये बसत नाही हो." मी कपाळावर हात मारून घेतला.

बाबाचा कारभार मोठा पद्धतशीर. डोंगरमाथ्यावर एक बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, तो त्याचा दवाखाना. माणूस गोरागोमटा, अंगात पांढरा कोट आणि गळ्यात, माझ्या छातीवर वार करावा तसा, स्टेथोस्कोप! गाडी पूर्ण चार्ज करून यायचं. चढावरून एका दमात वर यायचं, एसी फुल्ल लावून. का? तर "आजार वर आला पाहिजे." वर पोचेपर्यंत आकडा धाडकन खाली आलेला असतो. मग बाबा बॉनेटवर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटतात. बॅटरी असते गाडीच्या पोटाखाली, बाबा ऐकतात नाकाजवळ! पण विचारतो कोण?

"बॅटरी मरत नाही, माउली, बॅटरी रुसते," बाबा सांगतात. "कंपनी शरीर बघते, मी प्राण बघतो. तुमच्या लिथियमने फार गोंगाट सोसलाय. त्याला मौन द्या."

मग तांब्याची कांडी गाडीवरून फिरते आणि सुरू होते मौनफेरी. डोंगराच्या मागच्या अंगाने लांबच लांब उतार आहे, त्यावरून गाडी खाली न्यायची. एसी बंद, रेडिओ बंद, तोंडं बंद. बाळ झोपलंय असं समजून हळूच चालवायची. खाली शेडमध्ये पडद्यावर फडकं टाकून गाडी पुन्हा पूर्ण चार्ज करायची, आणि मग ते फडकं उचलायचं.

यावर पथ्यंही होती. एक म्हणजे गाडीला लगेच पुन्हा डोंगर दाखवायचा नाही. दुसरं, कंपनीच्या वर्कशॉपची वायर लावायची नाही, लावली की गुण गेला. आणि पुढच्या बैठकीला, म्हणजे बाबा पंपावर बसतील त्या दिवशी, ताम्रकवच बसवून घ्यायचं. कवच म्हणजे तांब्याचा पत्रा. तो बॅटरीच्या डब्याला स्क्रूने ठोकायचा. भोकं पाडून!

"ताई, भोक पडलं की वॉरंटी गेली! बैठकीनंतर तू कंपनीच्या दारात जरी झोपलीस तरी ते तुला नवी बॅटरी देणार नाहीत."

"आता लागतेय कशाला नवी? आकडा बघितलास ना?"

त्या आकड्यावर विसंबून ताईने दोन दिवसांनी दूरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना डायलिसिसला आणायचं कबूल केलं. येताना हायवेवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा जागी, गाडीने मान टाकली. मास्तरांच्या पायांवर सूज आणि श्वास लागलेला. मला फोन आला तो रडतच. मी लॅब तशीच सोडून गेले आणि मास्तरांना माझ्या गाडीतून हॉस्पिटलात पोचवलं. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं ते मी ताईला सांगितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वाटलं, सुटली ही बाबाच्या तावडीतून. कसलं काय! घरी आल्यावर म्हणते, "चूक माझीच. मास्तरांना उकडत होतं म्हणून मी एसी लावला. पथ्य मोडलं. उद्या बैठक आहे, कवच बसवून घेते."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेच! "अगं, औषध खोटं असेल असं एकदा तरी मनात येऊ दे की! गुण आला तर बाबाचा आणि नाही आला तर दोष तुझा? हा कुठला न्याय?"

मग मीच नमतं घेतलं. "बरं, उद्या मी येते तुझ्याबरोबर. कवच बसवायच्या आधी मला फक्त एक फेरी मारू दे. मग तू म्हणशील ते."

"पथ्य आहे ना, डोंगर दाखवायचा नाही म्हणून?"

"कवच बसवायला वरच जायचंय ना? मग दिसणारच तो डोंगर."



दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. पुढे ताईची आणि मागे माझी मैत्रीण. ती बँकेत आहे, तिची गाडीही त्याच जातीची. दोन्ही गाड्या एसी लावून एका दमात वर नेल्या. दोन्हींचा आकडा आपटला. बाबांनी आधी मैत्रिणीच्या गाडीच्या बॉनेटला स्टेथोस्कोप लावला आणि चेहरा असा केला की तसा मी पेशंटच्या नातेवाइकांसमोरही कधी करत नाही.

"अखेरची घटका आहे, माउली. आजच कवच नाही घातलं तर..."

"अय्या!" मैत्रीण म्हणाली, "पण ही बॅटरी गेल्याच महिन्यात कंपनीने वॉरंटीत नवी कोरी बसवून दिलीय."

वाटलं, संपला खेळ. पण बाबा हसले. "देह नवा असला तरी गाडीचे संस्कार जुनेच असतात."

आणि लोकांनी माना डोलावल्या! भक्तांत बसलेल्या आमच्या काकांनी तर सगळ्यांत आधी. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण पेट्रोल पंपाला भिंतही नव्हती.

"ठीक आहे," मी म्हटलं, "आता माझ्या ताईच्या गाडीची फेरी. पण कांडी फिरवायची नाही आणि मौन पाळायचं नाही. काका, तुम्ही बसा पुढे, साक्षीदार म्हणून. आणि वाटभर बॅटरीला शिव्या घाला."

"मी? शिव्या?"

"बॅटरी गोंगाटाने रुसते ना? मग रुसू द्या चांगली."

बाबा म्हणाले, "हा अपमान आहे." कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, "अहो, बघू तरी द्या!" पहिल्यांदाच त्या गर्दीतून एक शहाणा आवाज आला. कोण होता देव जाणे.

निघालो. एसी बंद, गाडी हळू, पण आत कल्लोळ. मी बेसूर गात होते, मैत्रीण सीटची पाठ बडवत होती, आणि काका आधी लाजत लाजत, मग रंगात येऊन, "ए आळशे! ए कामचुकार! ए फुकट खाणारे!" असं बॅटरीला सुनावत होते. इतका आनंद त्यांना पूल बांधतानाही झाला नसेल. ताई मात्र पडद्याकडेच बघत होती. एका वळणावर ती म्हणाली, "छोटे, वाढतोय गं." पुढच्या वळणावर पुन्हा वाढला. पायथ्याशी पोचेपर्यंत आकडा निघतानाच्या कितीतरी वर गेला होता.

"बघा!" काका ओरडले. "शिव्यांनी सुद्धा गुण आला!"

"काका, शिव्यांनी नाही हो! आता तोंड बंद ठेवा, पाळा मौन. ताई, गाडी वळव. चढावरून वर."

आता सगळे गप्प. बाबा म्हणतो तसं पवित्र मौन. आणि आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरत गेला. वर पोचलो तेव्हा तो पुन्हा रडकुंडीला आला होता.

मी सगळ्यांना जवळ बोलावलं. काकांना म्हटलं, "हात द्या." त्यांची नाडी ताईला मोजायला लावली. मग त्यांना पंपाच्या आवारात पळवलं आणि परत नाडी मोजली. मग खुर्चीत बसवून परत मोजली.

"पळाल्यावर वाढली, बसल्यावर कमी झाली. मी औषध दिलं का? काकांचं हृदय नवं झालं का? नाही. आपण मोजलं कधी, त्याप्रमाणे आकडा बदलला. पडद्यावरचा हा आकडाही बॅटरी किती शिल्लक राहिली ते सांगत नाही. गाडी फक्त अंदाज बांधते. आत्ताआत्ता तुम्ही जशी चालवली तशीच पुढेही चालवाल असं ती धरून चालते. चढावर वीज भसाभस गेली, तर म्हणते फार लांब जाणार नाही. उतारावर वीज लागलीच नाही, तर म्हणते जाल की लांब! मग त्याच भ्रमात ती चार्ज केली की मोठा आकडा दाखवते. बाबा दुसरं काही करत नाही. आधी चढवतो, मग उतरवतो, आणि मधे तुम्हाला गप्प बसवतो. बोललात तर विचार कराल ना!"

बाबा म्हणाले, "श्रद्धा नसेल तर..." पण ताईने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"माझ्या गाडीत मास्तर होते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मला तो लहानपणापासून ओळखीचा आहे. त्या आवाजापुढे मी कधी टिकले नाही. "त्यांचा श्वास कोंडत होता आणि मी तुमचा आकडा बघत बसले होते. दोष मी स्वतःला दिला. इतकी मी मूर्ख!" तिने गाडीचं दार आपटलं आणि स्पॅनर घेऊन उभ्या असलेल्या चेल्याला म्हणाली, "बाजूला हो. डब्याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीत गाडी ठेवून आली. तपासणी होईपर्यंत पेशंटांना मी माझ्या गाडीतून सोडलं आणि लॅबच्या कामाचे तीन तेरा वाजले. तिथे वायर लावून खरी तपासणी झाली. ताकद सत्तरच्या बरीच खाली होती, मुदत संपायला अजून अवकाश होता. नवी बॅटरी मिळाली.

काकांना मिळाली नाही. त्यांनी कवच केव्हाच बसवून घेतलं होतं. कंपनीच्या माणसाने गाडी वर उचलली, पोटाखाली पाहिलं आणि मान हलवली. काकांनी घरी येऊन स्वतःच्या हाताने तो पत्रा काढला. पत्रा निघाला, भोकं राहिली. मी गेले तेव्हा ते गाडीशेजारीच जमिनीवर बसून होते. मला वाटलं होतं, त्यांना चांगलं सुनावावं. पण मीही त्यांच्या शेजारी खाली बसले.

बरं, बाबाचं दुकान बंद झालं का? नाव नको! शेडवर आता ताईच्या गाडीचा मोठा फोटो लागलाय, "बरी झालेली गाडी" म्हणून. नवी बॅटरी कंपनीची, श्रेय याचं! हे पाहिलं आणि माझा पारा चढला. मी फोटो फाडायला निघाले होते. ताईने अडवलं.

"फोटो फाडून काय होणार? उद्या दुसरा लावतील."

आता सुट्टीच्या दिवशी ती आणि काका चढाच्या सुरुवातीला उभे असतात. वर निघालेली गाडी दिसली की काका हात करून थांबवतात. काही लोक हॉर्न वाजवून निघून जातात, काही शिव्याही देतात. जे काच खाली करतात त्यांना ताई एवढंच सांगते:

"वर जाऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त इथे आकडा बघा, वर गेल्यावर बघा, खाली आल्यावर बघा. आणि मग कांडी न फिरवता हेच एकदा स्वतः करून बघा. त्यानंतर जे डोक्यात येईल ते खरं माना. पण तोवर कुणालाही तुमच्या गाडीला भोक पाडू देऊ नका."