खाणवाल्याचे तीन जीव

गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणे आटोपून घर सुस्तावले असताना परशूने भाचीचा फोन काढून घेतला, कपाटात घातला आणि किल्ली खिशात टाकली.

"संध्याकाळपर्यंत मिळायचा न्हाई. चवथीला माणसं एकमेकांची तोंडं बघायला येत्यात, फोनचं न्हाई."

रक्षिताचे तोंड एवढेसे झाले. पाच वाजता फोनवर तिची मॅच होती. चार मैत्रिणींची टोळी, त्यातली एक धारवाडला राहायला गेलेली. महिनाभर खेळून त्या शेवटच्या फेरीत पोचल्या होत्या, आणि एक जरी आली नाही तर चौघी बाद. हे तिने मामाला समजावून सांगितले. मामा हसला.

तिची आई, पुतळी, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून उद्याच्या पूजेची फुले निवडत होती. लोंढ्याहून गाडीने ती कालच लेकीला घेऊन कॅसलरॉकला माहेरी आली होती. थोरला भाऊ बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, ही तिची लहानपणापासूनची सवय. तसा परशू मध्ये बोलू देणाराही नव्हता. रामनगरची जीप चालवणारा माणूस. एकदा सुरू झाला की पुढचा स्टॉप येईपर्यंत थांबत नसे.

"हे काय खेळ झाले?" तो म्हणाला. "गेम उघडला की बक्षीस. कशाचं? तर उघडला म्हणून! उद्या म्हणतील, श्वास घेतलास, घे हिरा. हितं चाक फिरव, तितं जाहिरात बघ, बंदुकीला गुलाबी रंग दे. आणि मेला तरी मरत न्हाई, लगेच उभा! लाज कशी वाटत न्हाई?"

"आपोआप न्हाई उठत, मामा. मैत्रीण उठवती. जवळ येऊन हात द्यावा लागतो, आणि तोवर तिच्यावर गोळ्या चालू असतात. जाहिराती मलाबी नको वाटतात."

"आमच्या वेळचा टीव्हीवरचा खाणवाला बघ! डोक्यावर दिवा, हातात कुदळ, सात खाणी आणि तीन जीव. संपले की संपले."

"म्हणजे सहाव्या खाणीत मेलं की परत पहिलीपासून? मग ती शिक्षा झाली. सेव्हबी न्हाई?"

"सेव्ह कशाला? सगळं डोक्यात असायचं."

"आणि लाइट गेली तर?"

त्या काळी पावसाळ्यात कॅसलरॉकची लाइट जात नसे. कधीमधी येत असे.

"म्हणजे तू शेवट बघितलाच न्हाईस," रक्षिता म्हणाली.

"सातव्या खाणीच्या दारापर्यंत गेलोय मी!"

"लग्नात पाचवी सांगितली हुती," स्वयंपाकघरातून त्याची बायको रुक्मा म्हणाली. "दहा वर्षांला एक खाण वाढती ह्यांची."

हे फार झाले. परशू माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला खोका घेऊन उतरला. टीव्हीला लावायचा जुना व्हिडिओ गेम, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नव्याण्णव खेळ छापलेले होते, त्यातले नव्वद तरी तेच ते.

"दुसऱ्या खाणीत पोचून दाखव," त्याने भाचीला सांगितले. "लगेच किल्ली देतो."

जुना डबा टीव्ही लागला, पण चित्र उड्या मारू लागले.

"पुतळे, वायर—"

त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत पुतळी उठली होती. टीव्हीच्या मागे उकिडवी बसून तिने एका हाताने डबा दाबला, दुसऱ्या हाताने सैल पिन धरली. चित्र स्थिर झाले. अंगठा कुठे ठेवायचा हे तिला आठवावे लागले नाही.

"आधी मी दाखवतो," परशू म्हणाला.

त्याने दाखवले. पहिला जीव खड्ड्यात गेला, दुसरा वटवाघळाने खाल्ला, तिसरा पुन्हा त्याच खड्ड्यात.

"बटण अडकतंय. हे सरावाचं हुतं." त्याने पुन्हा सुरू केले. मग पुन्हा. रक्षिता घड्याळाकडे बघत होती. साडेचार होऊन गेले होते.

"मामा, माझी पाळी."

"देतो, देतो. अगं, तवा बारा-पंधरा पोरं असायची ह्या खोलीत. कुणी एकटं न्हाई. मेला की रिमोट दुसऱ्याला. सगळ्यांची पाळी यायची, सगळ्यांची! हाय हे तुमच्या फोनात?"

"माझी कवा आली?" टीव्हीच्या मागून आवाज आला.

"काय?"

"पाळी. सगळ्यांची आली म्हणतोस, अण्णा. माझी कवा आली?"

"तू... तू हुतीस की हितंच. रोज."

"हुते की. हितं, मागं. मला पडदाबी दिसत नव्हता. खाणवाल्याच्या डोक्यावर दिवा असतो, हे आज तुझ्या तोंडून कळलं."

"तू सोडलीस की चित्र जायचं, पुतळे. मग काय करणार?"

"जो मेला त्यानं धरायची. मेलेल्याला दुसरं काय काम असतंय? एवढी अक्कल पंधरा पोरांत एकाला नव्हती, आणि निघालास हिच्या खेळाला नावं ठेवायला. हिच्यात मेलेलीला हात तरी देत्यात."

तिने पिन सोडली. चित्र पडद्यावरून नाहीसे झाले.

"ये. धर."

परशूने बायकोकडे पाहिले. रुक्मा दारात उभी राहून पदराने हात पुसत होती आणि मदतीला येण्याची तिची चिन्हे नव्हती. तो मुकाट्याने मागे जाऊन बसला. एक हात डब्यावर, एक पिनेवर. रक्षिताने पुढे होऊन त्याच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढली.

"ए! दुसरी खाण कुठं झाली तुझी?"

"हलू नगंस, अण्णा. चित्र जातंय," पुतळी म्हणाली. तिच्या हातात रिमोट होता.

रक्षिता फोन घेऊन रेंज मिळते त्या बांधाकडे पळाली.

पुतळी पहिल्याच खड्ड्यात पडली.

"मेलीस ना? दे आता," परशू मागून म्हणाला.

"देत न्हाई."

ती पुन्हा पडली. पुन्हा सुरू केले, पुन्हा पडली. पडली की ती खुदकन हसे आणि मांडी बदलून बसे. रुक्मा शेजारी येऊन टेकली. "आता मला, वन्सं."

"थांबा वैनी, अजून दोन जीव हायत."

बऱ्याच वेळाने रक्षिता धापा टाकत आली. "हरलो! शेवटच्या मिनिटाला! त्या धारवाडवालीनं सगळा घोळ केला." असे म्हणून ती आईला चिकटून बसली. "कितव्या खाणीत हाईस?"

"पहिल्याच. गप बस, म्होरं खड्डा हाय."

"उडी मार!" टीव्हीच्या मागून परशू ओरडला. "आता! न्हाई, न्हाई, जरा थांबून—"

"अण्णा, तुला दिसतंय काय तितनं?"

"न्हाई."

"मग शिकवू नगंस," पुतळी म्हणाली, आणि तिने उडी मारली.